एकटेपणात प्रभूचा आधार : तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम.

आमच्या महिला मंडळात, ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका सभेत एक बहीण पटकन बोलून गेली, "प्रार्थना करूनही एकटं वाटतं, आणि हे चर्चमध्ये सांगायची चोरी." थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग एकेकजण आपापलं सांगायला लागली आणि पाळकीणबाईंनी तयार करून आणलेला विषय राहूनच गेला. तसंच इथे व्हावं म्हणून हा धागा. एकच विनंती : उपदेश नकोत. काय झालं, काय वाचलं, कोण आलं, तेवढं लिहा. काहीच उपयोग झाला नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मीच करते. आमच्या घरी, नगरकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत असते तशी, रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना. एक गीत, मग अध्याय पाळीपाळीने वाचायचा, एक वचन यांनी, एक मी. मुलं शिकायला बाहेर पडल्यावर आम्ही दोघंच उरलो. हे गेल्यावर पहिल्या रात्री पवित्र शास्त्र उघडलं, एक वचन वाचलं आणि सवयीने थांबले. पुढचं वचन वाचायला तोंडच उघडेना. कितीतरी दिवस मी अध्याय असाच वाचला, एक आड एक. शेवटी शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी नर्सिंगची मुलगी एकदा साखर मागायला आली, तिला म्हटलं, बस जरा, एवढं वाच. ती अजून येते. घाईत असली की भराभर वाचते, 'परमेश्वर' शब्दाचे तुकडे पाडते. यांना ते अजिबात चाललं नसतं.

वसईचा, बोटीवर फिटर

ताई, लहानपणी रात्रीची रोझरी, म्हणजे माळेचे मणी मोजत करायची मरियामातेची प्रार्थना, मला शिक्षा वाटायची. गुडघे दुखायचे, डोळे मिटायचे, आजी पाठीत धपाटा घालायची. कोविडच्या वर्षी करार संपला तरी उतरता येईना. जगभरात लाखो खलाशी असेच अडकले होते. बंदरं दिसायची, पण पाय ठेवायची परवानगी नव्हती. आमच्या बोटीवर मी एकटाच मराठी, बाकी फिलिपिनो आणि युक्रेनियन. फिलिपिनो कुकने मेसच्या फडताळात बाळ येशूची मूर्ती ठेवली होती, लाल झग्यातली, आणि बोट हलली की पडू नये म्हणून दोरीने बांधलेली. रविवारी रात्री ते रोझरी करायचे. ते त्यांच्या भाषेत, मी मराठीत 'नमो मरिये' म्हणायचो. मण्यांचा हिशोब मात्र बरोबर जुळायचा.

एका बंदरात खलाशांच्या सेवा केंद्राचे फादर धक्क्यावर आले. वर यायला मनाई, म्हणून शिडीच्या पायथ्याशी पिशवी ठेवून गेले. तिच्यात सिमकार्डं, चॉकलेटं आणि लोकरीच्या टोप्या होत्या. या केंद्रांचं काम जुनं आहे. कॅथलिकांचं १९२० मध्ये ग्लासगोला सुरू झालं, अँग्लिकनांचं त्याच्याही आधीचं. फादर खालून हात करून गेले, बाकी काही नाही. त्या सिमवरून घरी फोन लावला तेव्हा पलीकडे रोझरीच चालू होती. आईने फोन स्पीकरवर टाकून वेदीपाशी ठेवला आणि पुढचा मणी धरला. माझ्याशी बोलली सगळं आटोपल्यावर.

दादरहून

मी ख्रिस्ती नाही, लिहू का? बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या बुधवारच्या खास प्रार्थनेला जाते. १९४८ पासून चालू आहे म्हणतात. गर्दीत निम्मे लोक माझ्यासारखेच. बाहेर मेणाची घरं, मेणाची बाळं, मेणाचे हातपाय विकतात, ज्याचं जे मागणं असेल ते. मी साधी मेणबत्ती घेते. ऑफिसात, सोसायटीत, माहेरी सगळीकडे 'अजून लग्न का नाही' हा प्रश्न असतो. तिथे शेजारी बसलेली बाई फक्त सरकून जागा देते.

एक बांधव

सर्वांचे अनुभव वाचले. पण ज्याच्याजवळ प्रभू आहे तो एकटा असूच शकत नाही. एकटं वाटत असेल तर विश्वास कुठे उणा पडतो ते तपासावं.

पुण्याहून, शिक्षिका

बांधव, उपदेश नकोत असं वरच लिहिलंय. माझ्या घटस्फोटानंतर अगदी हेच वाक्य मी आमच्या मंडळीत ऐकलं. प्रभुभोजनाच्या रविवारी माझ्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहायची. मी जाणं सोडलं. बराच काळ गेले नाही, आणि देवाशी बोलणंही सोडलं.

मग एका सुट्टीत कपाट आवरताना पवित्र शास्त्रातली स्तोत्रसंहिता हातात आली आणि ८८ वं स्तोत्र उघडलं. दीडशे स्तोत्रांत इतकं काळोखं दुसरं नाही. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी वळण घेऊन स्तुतीवर येतात, हे येत नाही. सोबती दूर गेले, उरला तो अंधार, आणि तिथेच संपतं. ज्यांनी शास्त्र जुळवलं त्यांनी हे गाळलं नाही, याचा मला इतका आधार वाटला की मी ते मोठ्याने वाचलं, रागाने, देवाला ऐकू जावं म्हणून. माझी तीच पहिली प्रार्थना. आणि विश्वास तपासायचाच असेल तर गेथशेमानेपासून, प्रभूला पकडलं त्या रात्रीच्या बागेपासून सुरुवात करा. प्रभूने तिघा मित्रांना माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं आणि ते झोपले. त्याचा विश्वास उणा होता का?

मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. रोज पहाटे उठून मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, मात्र जायच्या.

चर्चला मी आता जाते. दुसऱ्या.

धागाकर्ती

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. बांधवांना वाईट वाटून घेऊ नका म्हणते, पण ताईंचं म्हणणं मला पटतं. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. दुसऱ्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुली भोवती होत्या, तरी १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई त्या वेळी पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. काही महिन्यांनी त्याही गेल्या. अशा बाईला कोण म्हणेल, विश्वास तपासा?

नाशिकहून

माझं उलटं. मी हिंदू घरातली, लग्न ख्रिस्ती घरात. विश्वासामुळे आधार मिळायच्या आधी एकटेपणच मिळालं, माहेर तुटलं. सासरच्या पहिल्या नाताळात घरभर करंज्या, माणसं, गाणी, आणि मी स्वयंपाकघरात नारळ खवत रडत होते. सासूबाईंनी काही विचारलं नाही. रात्री लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आणून दिलं. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना आधी सांगितलंही नव्हतं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत नवऱ्याकडे आल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. घाई त्यांनी केली नाही, मीही केली नाही. सासूबाईंनी तर कधीच केली नाही, आणि त्यांच्यामुळेच मी आज उपासनेला पेटी वाजवते.

जालन्याचा, सध्या पुण्यात

कंपनीत लागलो, खोलीत एकटा. झोप उडाली, जेवण सुटलं, मरून जावं असं मनात यायला लागलं. पाळकसाहेबांना फोन केला तर वाटलं आता प्रार्थना करतील. ते म्हणाले, "जेवलास का?" आणि डबा घेऊन आले. ज्वारीची भाकरी, पिठलं. मी खाईपर्यंत समोर बसले. मग पवित्र शास्त्रातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढला. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन परत झोपतो, तर दुसऱ्यांदा उठवून परत खायला देतो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः मला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. गोळ्या चालू आहेत, प्रार्थनाही. मनात असे विचार येत असतील त्यांनी थांबू नका, कुणालाही फोन करा. सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा फुकट आहे, मराठीत बोलतात.

वसई, नातू लिहितोय, आजी सांगते आहे

माझं वय ऐंशीच्या पुढे. गुडघ्यांमुळे मिस्सा सुटली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमधून एक गृहस्थ पवित्र कम्युनियन, म्हणजे मिस्सातला प्रभूचा प्रसाद, घेऊन घरी येतात. मी सकाळीच टेबलावर पांढरा कपडा घालते, मधे क्रूस, दोन मेणबत्त्या, ग्लासभर पाणी. प्रार्थना पाच मिनिटांची. त्यानंतर मी त्यांना सोडत नाही. वाडीत कोणाची विहीर आटली, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणी जमीन विकली, सगळं विचारून घेते. ते बिचारे पुढच्या आजाऱ्याकडे जायला घड्याळ बघतात. प्रभू येतो तो आधार आहेच, पण खरं सांगते, या बातम्यांचीही मी महिनाभर वाट बघते. आता ते मुलाकडे कॅनडाला चाललेत. त्यांच्या जागी कोण येणार ते फादरनी अजून सांगितलेलं नाही. बोलका माणूस पाठवा म्हणून निरोप दिलाय.