तास बघून जेसीबी विकू नका

मीटरवर दहा हजार तास झाले की जेसीबी काढून टाकायचा, असं कुणी म्हणतं, ते काय पटत नाही. वाळव्याच्या काळ्या मातीत रोज ग्रीसिंग करणारा ऑपरेटर असला तर पिन-बुश (सांध्यातल्या खिळ्या नि त्यांच्या नळ्या) टिकतात, नसला तर बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, लवकरच डुलायला लागतो, मग तासाला काय अर्थ? इंजिन गरम करून स्लोला ठेवा नि ऑईल भरायचं झाकण सैल करा, धूर फकाफका आला की रिंगा-लायनर (इंजिनातले पिस्टनच्या भोवतीचे भाग) झिजलेत समजायचं, पण तेवढ्यावरनं मशीन विकायचं नसतं, इंजिन बांधून घेता येतं. हायड्रॉलिक पंप आणि गिअरबॉक्स एकदमच कामाला आले तर मात्र मी गिऱ्हाईक बघीन.

आणि हो, जानेवारी २०२५ पासून इंजिनाच्या धुराचे स्टेज ५ चे नियम लागू झालेत, नव्या मशीनला सेन्सर आले, आपला नेहमीचा मिस्त्री लॅपटॉपशिवाय हात लावत नाही, नवं घेताना तोही खर्च धरा.