'इम्नारिया' आणि आपला मिनार एकच का?

झोळीवाला: मामेभाऊ माल्टात नोकरीला आहे, त्याला २९ जूनची सुट्टी होती म्हणून फोटो टाकत होता. संत पीटर आणि संत पॉलचा सण, पण तिथले लोक त्याला इम्नारिया म्हणतात. माल्टीज भाषा अरबी वळणाची, म्हणजे हा आपला मिनारच असणार ना?

काकदृष्टी: वाटतं खरं तसं, पण नाही. मूळ लॅटिन लुमिनारिया, म्हणजे दिवे, रोषणाई. त्या रात्री इम्दिना शहराच्या तटबंदीवर मशाली नि जाळ पेटवायचे ना, त्यावरून. आता माल्टीजमधे ल हे नामाआधी लागणारं उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं, त्यामुळे लोकांना सुरुवातीचा ल तोच वाटला आणि शब्दाचं तोंडच सुटं झालं, आपल्या नारंगीचा न गळून तिकडे ऑरेंज झालं तसंच. गंमत म्हणजे मिनारचा अरबी धातू पण उजेडाचाच आहे. अर्थ शेजारी, घराणी वेगळी.

झोळीवाला: मग मराठीत दीपोत्सव म्हणू का?

काकदृष्टी: नको रे, पणत्या दिसायला लागतात लगेच. तिथे आदल्या रात्री बस्केट नावाच्या बागेच्या झाडीत लोक जमतात, लसूण आणि वाइन घातलेला सशाचा रस्सा ओरपतात, गिटारच्या साथीवर दोन गाणारे जागच्या जागी कडवी रचून एकमेकांना टोमणे मारतात, आपल्या सवाल-जवाबासारखं. त्या गाण्याला म्हणतात 'आना' (आपल्या गाण्याशी संबंध नाही, तो अरबी आहे, आधीच सांगतो). दुसऱ्या दिवशी तिथल्याच रबात गावच्या चढावर घोड्यांच्या, गाढवांच्या शर्यती, खोगीर न घालता! जिंकला त्याला 'पालिऊ', म्हणजे कापडी निशाण, आणि ते तो गावच्या चर्चला देऊन टाकतो. सरळ जत्रा म्हण.

बांगडाप्रेमी: याच तारखेला आमच्या गोव्यात सांगोड असतो, कांदोळी वगैरे भागात. पीटर मच्छीमार होता म्हणून रापणकरांचा सण. दोन होड्या जोडून बांधतात, वर सजावट, त्यावर गाणी, नाटकं. तुमचं मराठी 'सांगड घालणे' पण त्यातलंच.

झोळीवाला: काय सांगता! मी आजवर 'घर आणि नोकरीची सांगड' एवढंच ऐकत आलो. पण थांबा, आजोबांनी पोहायला शिकवताना पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची सांगड बांधून विहिरीत ढकललेलं मला, ती पण हीच की!