'बेल्डनस्टॉर्म': मूर्तिभंजन की प्रतिमाभंजन?

दौत: ऑगस्ट १५६६ मध्ये नेदरलँड्समधल्या कॅल्विनपंथीय प्रोटेस्टंटांनी कॅथलिक चर्चांवर हल्ले केले, त्याला डचमध्ये 'बेल्डनस्टॉर्म' म्हणतात. भाषांतरात मी 'मूर्तिभंजन' लिहिलं, संपादकांनी खोडून 'प्रतिमाभंजन' केलं. फरक पडतो का?

शिळाप्रेस: पडतो. 'बेल्ड' म्हणजे पुतळा आणि चित्र दोन्ही. २० ऑगस्टला अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये पुतळ्यांबरोबर वेद्या, चित्रं, ऑर्गनही फुटले. गेंटमधला फान आइक या चित्रकार बंधूंचा वेदीपट, म्हणजे वेदीमागचा चित्रफलक, हा रंगवलेल्या लाकडी फळ्यांचा. हल्ल्याआधीच त्या चर्चच्या मनोऱ्यात नेऊन लपवल्या, म्हणून वाचल्या. तिथे 'मूर्ती' शब्द पुरत नाही.

सागरगोटा: पण फोडणाऱ्यांच्या मनात मूर्तीच होती. दहा आज्ञांमधली 'कोरीव मूर्ती' मराठी बायबलातही याच शब्दाने येते. उलट 'प्रतिमाभंजन' म्हटलं की आजच्या वाचकाला कुणा पुढाऱ्याची बदनामी वाटेल.

तांबूल: 'मूर्तिभंजक' तर आपण कुठल्याही सुधारकाला म्हणतो, तो शब्द केव्हाच पातळ झालाय. शिवाय दोन्हींत 'स्टॉर्म' गळतो. इथे त्याचा अर्थ वादळ नाही, चाल करून जाणं. 'एल्गार' का नको?

शिळाप्रेस: एल्गार म्हटलं की फौज डोळ्यांपुढे येते. इथे १० ऑगस्टला स्टेनफोर्डे गावाजवळ उघड्यावरचं प्रवचन ऐकून निघालेला जमाव चॅपलमध्ये घुसला, तिथून सुरुवात. पुढे कित्येक ठिकाणी लहान टोळ्याच होत्या, काही गावांत तर मजुरी देऊन माणसं लावलेली. उंचावरचा पुतळा दोर लावून खाली ओढायचा, मग हातोडे. आणि सगळीकडे भुगाही केला नाही. त्याच शतकातल्या अशा हल्ल्यांतला उट्रेख्तच्या डोम चर्चमधला दगडी पट बघा: चेहरे तेवढे छिलून काढलेत, अंगावरची वस्त्रं चुणीसकट शाबूत. हे 'भंजन' नाही, 'विद्रूप करणं' आहे.

दौत: मग सरळ 'चर्चांमधली मोडतोड' लिहू?

सागरगोटा: अजिबात नको, त्यात धर्म कुठे राहिला? १५५० च्या फर्मानाप्रमाणे पाखंडी ठरलेल्याने पश्चात्ताप केला तरी पुरुषाचा शिरच्छेद आणि बाईला जिवंत पुरणं. मतावर ठाम राहिला तर जाळणं. असल्या कायद्याखाली जगलेल्यांच्या कृत्याला मोडतोड म्हणणं अन्यायाचं आहे.

तांबूल: पण सगळा भार धर्मावरही टाकू नका. १५६५-६६ च्या हिवाळ्यात बाल्टिकचं धान्य अडलं होतं, पाव महाग झाला होता.

सागरगोटा: तरी रोख वेद्यांवर होता, कोठारांवर नाही. आणि शीर्षकात 'स्पेनविरुद्धचं बंड' लिहिलं असेल तर ते आधी बदला. सत्तावन्नच्या 'शिपायांच्या बंडा'वर इतका वाद घालूनही आपण तोच शब्द दुसऱ्यांना लावायचा? 'स्वातंत्र्ययुद्ध' म्हणा.

शिळाप्रेस: १५६६ ला? ५ एप्रिलला सरदार ब्रुसेल्सला, स्पेनचा राजा फिलिप याच्या वतीने नेदरलँड्सचा कारभार पाहणाऱ्या मार्गारेटकडे गेले ते अर्ज घेऊन, धर्माची फर्मानं सैल करा म्हणून. दरबारात त्यांना 'भिकारी' म्हटलं गेलं आणि त्यांनी तेच बिरुद घेतलं. त्यांच्या पदकावर कोरलं होतं: राजाशी सर्वतोपरी इमान, झोळी घ्यावी लागली तरी. फिलिपला राजा म्हणून नाकारलं ते २६ जुलै १५८१ ला. मधे १५६७ ला फिलिपचा सेनापती आल्वा फौज घेऊन आला, पुढच्या वर्षी ५ जूनला एग्मोंट आणि होर्न या इथल्या बड्या सरदारांची डोकी उडवली, विक्रीवर दहा टक्क्यांचा 'दहावा पेनी' लादायला निघाला. म्हणून १५६६ ला 'दंगल', १५६८ पासून 'बंड', १५८१ नंतर हवं तर 'स्वातंत्र्ययुद्ध'.

सागरगोटा: 'दंगल' हा राज्यकर्त्यांचा शब्द. 'उठाव' म्हणा.

तांबूल: आणि 'डच' कशाला? आपल्याकडे 'वलंदेज' आहे, पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून आलेला. वेंगुर्ल्याची वखार वलंदेजांचीच.

दौत: वखार १६३७ ची, तिथे चालेल. पण वलंदेज म्हणजे हॉलंडचे. अँटवर्प आणि गेंट आज बेल्जियममध्ये आहेत, त्या लोकांना वलंदेज कसं म्हणू?

तांबूल: मग 'डच' तरी कुठे बसतं? स्टेनफोर्डे आज फ्रान्समध्ये आहे.