चॅट सपोर्टवाले फक्त कॉपी-पेस्ट करतात म्हणे!

दारव्ह्याची_लेक: काल इथं कोणीतरी लिहिलं की चॅट सपोर्ट, म्हणजे कंपनीच्या ग्राहकांना चॅटवर उत्तरं द्यायची, हे कामच नाही, तयार उत्तरं चिकटवायची अन् पगार घ्यायचा, त्यापेक्षा पोरापोरींनी वावर पाहावं. वाचून डोकंच फिरलं. मी गावात बसून हेच काम करते. एकाच वेळी तीन-चार चॅट उघड्या असतात. एकाचे पैसे अडकले, दुसऱ्याचं पार्सल भलत्याच गावी, तिसरा शिव्या देते. तयार उत्तर नमस्कारापुरतं. सोपे प्रश्न आता बॉटच (आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम) निपटवते, आमच्याकडे भडकलेलेच येतात. धोरण कंपनीचं, पण ग्राहकाचं एक ताऱ्याचं रेटिंग पडते माझ्या नावावर.

कास्तकार_वणी: मीच लिहिलं ते. फवारणी पंप मागवला, आला नाही. तिघांनी एकच वाक्य पाठवलं, ‘आपली गैरसोय समजू शकतो.’ समजते, तर मग करत कायले नाही?

दारव्ह्याची_लेक: ठरल्या रकमेच्या वरचा परतावा आमच्या हातात नसते, वरच्या टीमकडे जाते. तक्रार क्रमांक घेतला का? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची अन् महिन्याभरात निवारण करायचं, असं आहे. नाही केलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनले, 1915 वर, फोन लावा.

कास्तकार_वणी: महिनाभर बोंडअळी थांबते का?

रात्रपाळी_आर्णी: खरं दुखणं लाईनचं, म्हणजे विजेचं अन् नेटवर्कचं आहे. अमेरिकेची पाळी, रात्रभर जागायचं. लाईन गेली तर लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालते, पण मोबाईलचा टॉवरच बसला की चॅट तुटते अन् हजेरी कापते. सरकारच्या भारतनेट योजनेची इंटरनेट फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली, पुढं घरापर्यंत कोण आणणार?

कास्तकार_वणी: लाईनचं आम्हाले नका सांगू! थ्री फेज रात्री येते, ओलिताले अंधारात सापा-विंचवातून जातो आम्ही. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळली तर आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही.

रात्रपाळी_आर्णी: माझा बापही त्याच अंधारात जाते ना भाऊ! पुण्यात होतो तर पगार खोलीभाडं अन् मेसमध्येच जात होता. आता घरी राहतो म्हणून निंदणाले मजूर लावता येते. वावर पाहा म्हणता, त्या वावराचा खर्च याच पगारातून निघते.

अमरावतीकर: पण करार किती महिन्यांचा? पीएफ कापते का? हे कोणीच विचारत नाही.

रात्रपाळी_आर्णी: नाही कापत. ते मात्र खरं बोलले.

कास्तकार_वणी: बरं, काम आहे म्हणा. पण ते वाक्य मले पुन्हा पाठवू नका.

दारव्ह्याची_लेक: ऑर्डर क्रमांक हाती ठेवा अन् मले मेसेज करा. तक्रार कशी लिहायची ते सांगते.