'ब्रीफ एन्काउंटर': लॉरा घरी परतते, ही हार आहे का?

तिसरी_घंटा:
इंग्रज नाटककार नोएल कॉवर्डची 'स्टिल लाइफ' ही १९३६ची एकांकिका. सगळी घडते स्टेशनवरच्या उपाहारगृहात. तिच्यावरून दिग्दर्शक डेव्हिड लीनने १९४५ साली 'ब्रीफ एन्काउंटर' हा सिनेमा केला, आणि माझ्या मते तो नाटकापेक्षा खोल गेला. कारण गोष्ट लॉराच्या तोंडी आली. दर गुरुवारी खरेदीला गावात येणारी, दोन मुलांची आई. डोळ्यात कण जातो, अ‍ॅलेक नावाचा डॉक्टर तो काढतो, आणि थोड्याच आठवड्यांत दोघंही पार गुंततात. ही सारी कबुली ती शब्दकोडं सोडवत बसलेल्या नवऱ्यासमोर मनातल्या मनात देते. अखेर ती घरीच राहते. ही हार नाही, तिने घेतलेला निर्णय आहे.

उंबरठा:
निर्णय? अ‍ॅलेक गेल्यावर ती धडधडत येणाऱ्या एक्सप्रेसकडे फलाटाच्या कडेपर्यंत धावते. जीव द्यायला निघालेल्या बाईने निर्णय घेतला म्हणायचं? सिनेमा घाबरट आहे. नाटकात त्यांचं नातं शरीरापर्यंत पोचल्याचं सूचित होतं. इथे मित्राच्या फ्लॅटवर दोघं भेटतात न भेटतात तोच मित्र हजर, आणि लॉरा मागच्या दाराने पळते. शिवाय काउंटरवरची मर्टल आणि तिकीट तपासणारा अल्बर्ट यांचं प्रेम हसण्यावारी, लॉराच्या दुःखाला मात्र रशियन संगीतकार रखमानिनॉव्हचा पियानो!

तिसरी_घंटा:
मर्टल-अल्बर्टबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण सुरुवात आठवा. कॅमेरा त्या दोघांच्या गप्पांवर असतो, लॉरा आणि अ‍ॅलेक मागच्या टेबलावर, कुणीतरी दोघं. डॉली नावाची ओळखीची बाई येऊन बडबडत बसते. अ‍ॅलेक उठतो, लॉराच्या खांद्यावर हात ठेवतो, जातो. आपल्याला काहीच कळत नाही. शेवटी तोच प्रसंग पुन्हा येतो, आणि आता कळतं की हा कायमचा निरोप होता, तो डॉलीच्या बडबडीत बुडाला. तोच हात, पण मला पडद्याकडे बघवत नाही. लॉरा झालेली सिलिया जॉन्सन चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही. घाबरट सिनेमाला हे जमत नाही.

रूळ_सांधा:
एक भर. स्टेशनचं चित्रण लँकेशायरमधल्या कार्नफोर्थला झालं, १९४५च्या सुरुवातीला, युद्ध चालू असताना, रात्री. हवाई हल्ल्यांपासून लांब, म्हणून दिवे लावता आले. कथेत मात्र युद्ध कुठेच नाही. नोव्हेंबरमध्ये सिनेमा लागला तेव्हा सैनिक घरी परतत होते.

उंबरठा:
म्हणूनच तर खटकतं. त्या घरोघरच्या बायकांना पडद्यावरून काय सांगितलं गेलं? खांद्यावरच्या हाताचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, मलाही तिथे रडू येतं. पण शेवटी तिचा नवरा फ्रेड म्हणतो, तू फार लांब गेली होतीस, परत आलीस, आभार. म्हणजे त्याला काहीतरी जाणवलं होतं! आणि लॉरा फक्त त्याच्या मिठीत रडते. दीड तास आपल्याशी बोलणाऱ्या बाईला त्या एका क्षणी नवऱ्याशी एक वाक्य मोठ्याने बोलू द्यायला हवं होतं.