विंडोज एक्सपीमधील नोंदणीकृत मालकाचे नाव कसे बदलावे? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

गिरगावातील आमच्या चाळीच्या वाचनालयाला एका सभासदांनी त्यांच्या दिवंगत वडिलांचा संगणक भेट दिला आहे. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा आमचा जुना प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चालतो, त्यामुळे या प्रणालीचे अधिकृत साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपलेले असूनही आम्ही तो संगणक इंटरनेटला न जोडता वापरतो. अडचण अशी की ‘माय कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये आणि छापील पावतीवर अजूनही त्या वडिलांचेच नाव येते. परवा त्या सभासदांच्या आई पुस्तक बदलायला आल्या असता पावती हातात घेऊन बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. तेव्हापासून हे काम लवकर व्हावे असे मनापासून वाटते.

कंट्रोल पॅनेलमध्ये वापरकर्त्याचे नाव बदलून पाहिले, पण त्याने फक्त लॉगिनचे नाव बदलले. माझ्या वाचनानुसार ही नोंद रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते तिथे), ‘एचकी लोकल मशीन’मधील सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ‘विंडोज एनटी’ आणि ‘करंट व्हर्जन’ या क्रमाने गेल्यास ‘रजिस्टर्ड ओनर’ व ‘रजिस्टर्ड ऑर्गनायझेशन’ या नावांनी सापडते. बदलापूर्वी ती शाखा ‘एक्सपोर्ट’ करून पेनड्राइव्हवर ठेवणारच आहे.

तेथे वाचनालयाचे नाव लिहिल्यास विंडोजच्या अ‍ॅक्टिव्हेशनला धक्का लागेल का, आणि आधीच बसवलेला प्रोग्रॅम नवे नाव आपोआप उचलेल की तो पुन्हा बसवावा लागेल, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.