सैनिकी शाळेची जुनी दगडी बराक: दरजांत सिमेंट भरू द्यावं का?

प्रश्न (माजी विद्यार्थी):
आमच्या शाळेची सर्वांत जुनी बराक काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. सध्या दरजांतला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला, चुना खरवडून सिमेंट भरतायत, नंतर बाहेरून ऑइलपेंट देणार आहेत. सात वर्षं रोज पहाटे त्याच व्हरांड्यात फॉल-इन व्हायचो, म्हणजे रांगेत उभे राहायचो. परवा खांबावरून हात फिरवला तर बोटांना सिमेंटची कड लागली, फार वाईट वाटलं. व्यवस्थापन म्हणतं, ‘इमारत नुसती जुनी आहे, तिला इतिहास कुठला?’ काय उत्तर देऊ?

उत्तर १:
आवाराचा इतिहास शाळेच्या स्थापनेपासूनच सुरू होतो असं नाही. डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज १३ मार्च १९२२ रोजी सुरू झालं, पण त्याआधी त्याच आवारात व्हाइसरॉय कर्झनच्या काळातलं इम्पिरियल कॅडेट कोअर, म्हणजे संस्थानिक घराण्यांतल्या तरुणांचं लष्करी पथक, होतं. खडकवासल्याच्या एनडीएतला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) सुदान ब्लॉक घ्या. दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने दिलेल्या १ लाख पौंडांच्या देणगीतला फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेला भाग त्याच्यासाठी वापरला गेला. तुमच्या बराकीत आधी कोण राहत होतं, ते शोधा. कोठीतली जुनी रजिस्टरं आणि नकाशे रद्दीत जाण्याआधी बघा.

उत्तर २ (दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत २६ वर्षं):
काम आजच थांबवा. पावसाचं पाणी भिंतीत थोडंफार मुरतंच. चुन्याच्या दरजांतून ते वाळून बाहेर पडतं, सिमेंट त्याची वाट अडवतं. काळा दगड टिकेल, पण ओल आतल्या गिलाव्यावर फुटेल. वालुकाश्म असता तर पापुद्रेच सुटले असते. ऑइलपेंटनेही तेच होईल, म्हणून तो अजिबात नको.

मुळात ओल येते कुठून? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तुंबलेल्या पन्हळीतून. आधी छपरावर चढा. दरजांत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड हलतो. बुंधा कापून मूळ मारा, मगच चुना भरा. भरलेलं सिमेंट मशीनने फोडू देऊ नका, दगडाच्या कडा उडतात. छिन्नी आणि हलका हात हवा. चुना भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. घाईने वाळला तर भुसभुशीत होतो.

प्रश्नकर्ता:
आज पन्हळ बघितली. पानांनी गच्च भरली होती, खालची भिंत हिरवी झालीय. मुख्याध्यापकांना हात लावून ओल दाखवली. दक्षिणेची भिंत तूर्त तशीच ठेवणार आहेत. कोठीची किल्ली शनिवारी मिळेल.